रोल-प्लेइंग गेम प्रोग्रॅम करायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःचा आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) बनवायचा म्हणून प्रोग्रॅमिंगकडे वळलेल्यांना जे प्रश्न हटकून पडतात, ते इथे घेतले आहेत. जवळजवळ प्रत्येक उत्तरामागे एकच आग्रह आहे: आधी खेळाचे नियम चालते करा, पडद्यावरची चित्रं नंतर. आरपीजीचा जीव नियमांत आणि आकड्यांत असतो, आणि ते लिहायला फक्त अक्षरं दाखवणारी साधी काळी खिडकीसुद्धा पुरते.

आरपीजी म्हणजे प्रोग्रॅमरच्या दृष्टीने नेमकं काय?

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला. पात्राचं बळ, चपळाई, बुद्धी हे सगळं आकड्यांत लिहायचं, फासे टाकायचे, आणि नियम सांभाळणारा एक जण काय घडलं ते सांगणार, अशी त्याची रीत. संगणकावरचे आरपीजी याच मुळातून फुटले. १९८१ मध्ये 'अल्टिमा' आणि 'विझार्ड्री' आले, १९८६ मध्ये जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' आला.

नियम सांभाळणाऱ्या त्या माणसाची जागा आता तुमच्या कोडने घ्यायची आहे. पात्रांचे आकडे लक्षात ठेवायचे, फासे टाकायचे, निकाल लावायचा, आणि जगात काय बदललं याची नोंद ठेवायची. ही कामं जमली की आरपीजी उभा राहिला.

प्रोग्रॅमिंगचा गंधही नाही. थेट आरपीजीपासून सुरुवात केली तर चालेल?

चालेल, पण पहिला खेळ एका लढाईचा असू द्या. एक नायक, एक शत्रू आणि तीन पर्याय: हल्ला, बचाव, औषध. चित्र नाही, आवाज नाही, सगळं अक्षरांत. त्यासाठी व्हेरिएबल, इफची अट, लूप, फंक्शन, लिस्ट आणि डिक्शनरी एवढंच यावं लागतं. दोघांपैकी एकाची शक्ती शून्यावर येईपर्यंत लूप फिरत राहतो, प्रत्येक फेरीत प्लेयरला विचारतो, मग शत्रूची पाळी घेतो.

हे किरकोळ वाटेल, पण यात शिकायला भरपूर आहे. औषध संपल्यावर प्लेयरने पुन्हा औषध मागितलं तर? नायकाची शक्ती ५० पैकी ४५ असताना २० चं औषध घेतलं तर ६५ होते का? शत्रू मेल्यावरही त्याची पाळी येते का? पहिल्या प्रयत्नात हे तीनही प्रश्न बहुतेकांच्या कोडमधून निसटतात. ते पकडता पकडताच प्रोग्रॅमिंग अंगवळणी पडतं.

कोणती भाषा घ्यावी आणि कोणतं इंजिन?

माझा सल्ला: अक्षरांतली लढाई पायथनमध्ये लिहा आणि मग गोडो इंजिनकडे जा. इंजिन म्हणजे चित्रं, आवाज, हालचाल सांभाळणारं तयार सॉफ्टवेअर. गोडो मोफत आहे, २०१४ पासून त्याचा सोर्स कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे, आणि त्याची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्ट पायथनची वळणं ओळखणाऱ्याला चटकन वाचता येते. युनिटी या दुसऱ्या इंजिनात सी-शार्प भाषा लागते. अनरीअलमध्ये सी-प्लस-प्लस किंवा ब्लूप्रिंट नावाची चित्रमय पद्धत. टूडी आरपीजी शिकायचा असेल तर अनरीअलचा पसारा विनाकारण अंगावर येतो.

गोडो शिकताना एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. २०२३ मध्ये ४.० ही आवृत्ती आली तेव्हा बरीच नावं बदलली. आधीचं 'किनेमॅटिकबॉडी' आता 'कॅरेक्टरबॉडी' आहे, 'यील्ड'च्या जागी 'अवेट' आलं. जुन्या व्हिडिओतला कोड जसाच्या तसा उतरवला की एररची रांग लागते आणि आपलंच काही चुकलं असं वाटतं. म्हणून व्हिडिओ सुरू करण्याआधी तो कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते बघा.

आरपीजी मेकर वापरलं तर ते खरं प्रोग्रॅमिंग ठरतं का?

आरपीजी मेकर हे फारसा कोड न लिहिता आरपीजी बनवायचं सॉफ्टवेअर आहे. तुम्ही त्यात काय करता त्यावर ते ठरेल. नकाशा, संवाद आणि लढाई त्यात तयार मिळते. तेवढ्यावर राहिलात तर कथा सांगायला शिकाल, आणि तेही मोलाचं आहे. २०११ चा 'टू द मून' हा गाजलेला गेम त्याच्या 'एक्सपी' या आवृत्तीतच बनला. प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल तर त्याच्या स्क्रिप्टमध्ये उतरा. एक्सपी आवृत्तीत ती रुबी भाषेत आहे, एमव्ही आणि एमझेड या आवृत्त्यांत जावास्क्रिप्टमध्ये. आत गेल्यावर डॅमेजचा, म्हणजे एका घावाने किती शक्ती कमी होते त्याचा हिशेब तुमच्या मनासारखा बदलून बघा. दुसऱ्याचा चालता कोड वाचून त्यात फेरफार करणं हे उत्तम शिक्षण आहे.

गणित किती लागतं?

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, टक्केवारी आणि थोडी संभाव्यता. टूडीत पात्र हलवायला दिशा आणि अंतराचा हिशेब येतो, पण तो इंजिन बराचसा सांभाळतं. थ्रीडीत गेलात तर व्हेक्टर, म्हणजे दिशा आणि अंतर एकत्र मांडणारे आकडे, नीट शिकावे लागतील.

डॅमेजचं सूत्र कसं ठरवायचं?

या प्रश्नावर वेळ घालवा, कारण खेळाचा स्वभाव इथे ठरतो.

सगळ्यात आधी सुचतं ते सूत्र वजाबाकीचं: डॅमेज = हल्ला − बचाव. नायकाचा हल्ला २०, शत्रूचा बचाव १२, म्हणजे डॅमेज ८. शत्रूची शक्ती ६० असेल तर आठ घाव लागतील. आता एक उंदीर घ्या, त्याचा हल्ला ५. तो १२ बचावाच्या नायकाला चावला की उत्तर येतं उणे ७. शक्तीतून उणे ७ वजा केले की शक्ती सातने वाढते, आणि उंदराच्या चाव्याने नायक बरा होऊ लागतो! म्हणून 'डॅमेज किमान १' ही अट लागतेच. पण खरी अडचण पुढे आहे. शत्रूचा बचाव १२ वरून १६ केला की डॅमेज ८ वरून ४ वर येतो. बचाव नुसता चारने वाढला आणि लढाई जवळजवळ दुप्पट लांबली. वजाबाकीचं सूत्र असं फार संवेदनशील असतं.

दुसरं सूत्र प्रमाणाचं: डॅमेज = हल्ला × हल्ला ÷ (हल्ला + बचाव). तेच आकडे घालून बघा. ४०० भागिले ३२, म्हणजे साडेबारा. अपूर्णांक सोडला तर १२. शत्रू पाच घावांत पडतो. बचाव १६ केला तर ४०० भागिले ३६, म्हणजे ११. उतरण सौम्य आहे. उंदराचा चावा २५ भागिले १७, म्हणजे १. उणे उत्तर कधी येतच नाही.

मग वजाबाकी टाकाऊ का? अजिबात नाही. प्रत्येक तलवार, प्रत्येक ढाल प्लेयरला ठळक जाणवावी असं वाटत असेल आणि खेळातले आकडे लहान असतील, तर तीच जास्त चांगली. प्लेयरला मनातल्या मनात हिशेब करता येतो. मोठे आकडे आणि पुष्कळ लेव्हल असतील तर प्रमाणाकडे जा. आणि सूत्र निवडताना 'शत्रू किती घावांत पडावा?' हा प्रश्न आधी सोडवा. तीन की दहा, हे ठरलं की आकडे मागून येतात.

९० टक्के नेम असूनही वार हुकतो. रँडममध्ये, म्हणजे संगणकाच्या फाशांत, बग (चूक) आहे का?

बहुधा नाही. ९० टक्के नेमाने दहा वार केले तर एकही न हुकण्याची शक्यता जेमतेम ३५ टक्के असते. म्हणजे एखाद-दुसरा वार हुकणं हेच नेहमीचं. प्लेयरच्या मनात मात्र ९० चा अर्थ 'लागणारच' असा असतो, आणि ही भावना खरी मानून काम करावं लागतं. 'फायर एम्ब्लेम' मालिकेतल्या बऱ्याच खेळांनी दोन रँडम आकडे काढून त्यांची सरासरी घेण्याची युक्ती वापरली. तिच्यामुळे पडद्यावर ९० दिसत असताना प्रत्यक्षात वार सुमारे ९८ टक्के वेळा लागतो, आणि ७५ दिसत असताना साधारण ८८ टक्के वेळा.

शिकताना आणखी एक सवय लावून घ्या. रँडमला ठरावीक सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, देता येतो. सीड तोच असेल तर फासे त्याच क्रमाने पडतात. सातव्या फेरीत गेम कोसळत असेल तर तो तसाच पुन्हा पुन्हा कोसळवून कारण शोधता येतं.

लेव्हल आणि एक्सपीची चढण कशी आखायची?

एक्सपी म्हणजे लढाया जिंकून मिळणारे अनुभवाचे गुण; ते ठरावीक साठले की लेव्हल वाढते. कोणत्या लेव्हलला किती लागतील याचं टेबल हाताने भरण्याऐवजी सूत्र घ्या. 'पोकेमॉन'मधल्या एका प्रसिद्ध चढणीत एखादी लेव्हल गाठायला लागणारा एकूण एक्सपी म्हणजे त्या लेव्हलचा घन. दहाव्या लेव्हलला १,०००, अकराव्याला १,३३१, म्हणजे मधलं अंतर ३३१. पन्नासवरून एक्कावन्नवर जायला ७,६५१ लागतात. शंभराव्या लेव्हलला एकूण दहा लाख.

चढण सुंदर दिसते, पण ती एकटी काहीच सांगत नाही. शत्रू किती एक्सपी देतात ते सोबत मांडा आणि भागाकार करा: पुढच्या लेव्हलसाठी किती लढाया? हा आकडा चार-पाचवरून अचानक चाळीसवर गेला, तर तिथे तुमचा प्लेयर कंटाळून उठणार आहे.

लढाईचा कोड गुंता झाला आहे. एक बटण दाबलं की दोनदा वार होतो. काय करू?

असा कोड उघडला की साधारण एकच चित्र दिसतं: 'हल्ला चालू आहे का', 'मेन्यू उघडा आहे का', 'शत्रूची पाळी आहे का' असे पाच-सहा हो-नाही व्हेरिएबल, आणि त्यातले दोन एकाच वेळी 'हो' झालेले. ते सगळे काढून एकच व्हेरिएबल ठेवा: लढाईची अवस्था. तिची मूल्यं अशी: आदेशाची वाट, वार चालू, शत्रूची पाळी, निकाल. एका वेळी एकच अवस्था. बटण फक्त 'आदेशाची वाट' या अवस्थेत ऐकायचं. दाबलं की त्याच क्षणी अवस्था 'वार चालू' करायची. दुसऱ्यांदा दाबलेलं बटण आपोआप दुर्लक्षिलं जातं. याला स्टेट मशीन म्हणतात. मेन्यू, संवाद, दुकान, सगळीकडे ते कामी येतं.

शत्रू, हत्यारं, औषधं कोडमध्येच लिहायची का?

पहिली तीन-चार लिहा. पाचवं आलं की वेगळ्या फाईलमध्ये काढा. जेसन (माहिती साध्या मजकुरात मांडायची पद्धत) फाईल चालेल, गोडोत त्यासाठी रिसोर्स आहे. कोडला 'हत्यार म्हणजे काय' एवढंच माहीत असावं, 'गंजकी तलवार ७ डॅमेज देते' हे फाईलने सांगावं. मग समतोल साधताना फक्त आकडे बदलायचे, कोडला हात लावायचा नाही. प्रत्येक वस्तूला न बदलणारा आयडी द्या आणि दिसणारं नाव वेगळं ठेवा. 'गंजकी तलवार'ची 'आजोबांची तलवार' करावीशी वाटेल तेव्हा याचं महत्त्व कळेल. पैसे आणि शक्ती पूर्णांकांत ठेवा. दशांश आकड्यांमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज संगणक अगदी नेमकी ०.३ देत नाही.

क्वेस्ट कोडमध्ये कशी लिहितात?

क्वेस्ट म्हणजे प्लेयरला सोपवलेली कामगिरी. कोडमध्ये ती मुळात एक आकडा असते. ० म्हणजे सुरू नाही, १ म्हणजे स्वीकारली, २ म्हणजे पूर्ण. वैदूबाईने गुहेतली मुळी आणायला सांगितली, प्लेयरने आणून दिली, बक्षीस मिळालं. सोपं दिसतं.

आता प्लेयर आधीच गुहेत हिंडून मुळी घेऊन आला आणि मग पहिल्यांदा वैदूबाईला भेटला. तिचा संवाद 'गुहेत जा' असं सांगतो, गुहा रिकामी, क्वेस्ट कायमची अडकली. उपाय असा: मुळी उचलताना क्वेस्टचा आकडा बदलूच नका. संवाद सुरू होताना प्लेयरच्या पिशवीत मुळी आहे का ते तपासा, आणि असेल तर तिच्यासाठी वेगळं वाक्य ठेवा: 'अगं बाई, तुझ्याकडे आहेच की ती!' प्लेयरच्या उलट्या क्रमाला खेळाने दाद दिली की त्याला ते जग जिवंत वाटतं. आणि मुळी पिशवीत असताना ती दुकानात विकता येते का, हेही बघा. क्वेस्टच्या वस्तूंवर 'विकता येत नाही' अशी खूण लागते.

नकाशे कसे बनवतात?

१६ किंवा ३२ पिक्सेलचे चौकोनी टाइल जोडून. गोडोत टाइलमॅपची सोय आहे, आणि 'टाइल्ड' नावाचा मोफत एडिटरही चांगला आहे. जमीन, अडथळे आणि डोक्यावरची छपरं-झाडं वेगवेगळ्या थरांत ठेवा.

खेळातले संवाद मराठीत दाखवता येतील का?

येतील, पण फक्त देवनागरी फाँट टाकून काम भागत नाही. जोडाक्षरं घडवणं आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन काढणं हे वेगळं काम असतं, त्याला शेपिंग म्हणतात. गोडो ४ मध्ये ते आहे; गोडो ३ मध्ये नव्हतं. प्रत्येक अक्षराचं एक चित्र अशा बिटमॅप फाँटने देवनागरी नीट उमटत नाही.

मग येतो संवाद एकेक अक्षर टाइप होत दिसण्याचा परिणाम. 'स्त्री' हा शब्द संगणकाच्या लेखी सहा चिन्हांचा आहे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. एकेक चिन्ह उघडत गेलात तर आधी 'स', मग 'स्', मग 'स्त' असं दर पावलाला अक्षर रूप बदलत राहतं आणि वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. सोपा मार्ग म्हणजे शब्दाशब्दाने उघडा. वेग थोडा वाढवला की छान वाहतं वाटतं.

सेव्हची सोय कधी करायची?

दुसऱ्या आठवड्यात. शेवटी करू म्हटलं की अर्धा कोड उलटापालटा करावा लागतो, कारण माहिती शंभर ठिकाणी विखुरलेली असते.

सेव्ह फाईलमध्ये फक्त बदलणारी माहिती जाते: पात्रांची लेव्हल, पिशवीतले आयडी आणि त्यांची संख्या, क्वेस्टचे आकडे, नकाशाचं नाव आणि जागा. तलवारीचा डॅमेज सेव्ह करू नका, तो डेटा फाईलमध्ये आहेच. फाईलच्या सुरुवातीला आवृत्तीचा आकडा लिहा, म्हणजे पुढे रचना बदलली तरी जुनी सेव्ह ओळखून नव्या रूपात आणता येईल. लिहिताना आधी तात्पुरत्या फाईलमध्ये लिहा आणि पूर्ण झाल्यावर तिला मूळ नाव द्या. मध्येच वीज गेली तर जुनी सेव्ह शाबूत राहते. पायथनमध्ये माहिती फाईलमध्ये साठवायच्या पिकल या सोयीचा मोह होईल, पण दुसऱ्याकडून आलेली पिकल फाईल उघडताना तिच्यातला वाटेल तो कोड चालू शकतो. जेसन वापरा.

बग कसे शोधायचे? सगळा खेळ पुन्हा पुन्हा खेळायचा का?

थोडा खेळा, जास्त काम संगणकाकडून करून घ्या. लढाईचे नियम चित्रांपासून वेगळे ठेवले असतील तर एक हजार लढाया पडद्याविना काही क्षणांत चालवता येतात. नायक किती वेळा जिंकला, सरासरी किती फेऱ्या लागल्या, कोणतं हत्यार वरचढ ठरलं, सगळं समोर येतं.

हे किती गरजेचं आहे याचा पुरावा नावाजलेल्या खेळांतच आहे. १९८७ च्या मूळ 'फायनल फँटसी'त पात्राची बुद्धी पडद्यावर दिसायची, वाढायची, पण जादूच्या ताकदीवर तिचा परिणामच होत नसे. 'पोकेमॉन'च्या १९९६ च्या पहिल्या पिढीत जबर घाव बसण्याची शक्यता वाढवणारी एक चाल ती प्रत्यक्षात कमी करत होती. असे बग एररचा संदेश देत नाहीत, खेळ सुरळीत चालतो. ते पकडायची चाचणी साधी: बुद्धी ५ आणि बुद्धी ५० असलेल्या दोन जादूगारांकडून तीच जादू हजार वेळा करवा. सरासरी सारखी आली तर तो आकडा मेलेला आहे. प्रत्येक गुणासाठी अशी एक चाचणी लिहा. आणि कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं गिट पहिल्या दिवसापासून वापरा, चालता कोड हातचा जाऊ नये.

चित्रकला येत नाही. काय करू?

रंगीत चौकोनांवर महिनोन्महिने काम भागतं. पुढे 'केनी' या संकेतस्थळावरचे चित्रांचे संच सीसी-शून्य (श्रेयाचीही अट नसलेल्या) परवान्याखाली मोफत आहेत, 'ओपनगेमआर्ट'वरही पुष्कळ आहे. तिथे प्रत्येक चित्राचा परवाना वेगळा असतो. सीसी-बाय असेल तर श्रेय द्यावंच लागतं. चित्र उतरवून घेतानाच कलाकाराचं नाव आणि परवाना एका फाईलमध्ये लिहून ठेवा.

दुसऱ्या खेळाचे नियम वापरले तर चोरी होते का?

पाळीपाळीने लढणं, एक्सपी, लेव्हल या कल्पना कोणाच्या मालकीच्या नसतात. नावं, चित्रं, संगीत आणि लिहिलेला मजकूर मात्र मालकीचा असतो. तयार नियम हवेच असतील तर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा ५.१ हा नियमसंच जानेवारी २०२३ मध्ये सीसी-बाय ४.० परवान्याखाली खुला झाला. श्रेय देऊन तो वापरता येतो.

एआयकडून कोड लिहून घ्यावा का?

एररचा अर्थ विचारायला, तुमचा कोड तपासून घ्यायला जरूर. लढाईचा गाभा मात्र स्वतः लिहा. शिकायला बसला आहात आणि शिकण्यासारखं सगळं त्या दोनशे ओळींत आहे. त्याच दुसऱ्याने लिहिल्या तर पुढे समतोल बिघडल्यावर कुठे हात घालायचा ते कळणार नाही.

ऑनलाइन, एकत्र खेळायचा आरपीजी पहिल्यांदाच करता येईल का?

नको. सर्व्हर, नेटवर्कचा उशीर, फसवणूक रोखणं, हे सगळे स्वतंत्र विषय आहेत.

माझ्याकडे चाळीस तासांची कथा तयार आहे. ती कधी बनवू?

ती वहीत जपून ठेवा आणि तिच्यातला एकच प्रसंग निवडा: एक गाव, एक गुहा, तीन प्रकारचे शत्रू, एक क्वेस्ट, शेवटी एक मोठा शत्रू. अर्ध्या तासाचा खेळ, पण सुरुवातीच्या मेन्यूपासून शेवटापर्यंत पूर्ण. एकट्याने मोठे खेळ बनलेले आहेत; २०१६ चा 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बरोन यांनी कोड, चित्रं, संगीत सगळं स्वतः करून बनवला, पण त्यात चार वर्षांहून जास्त काळ गेला. शिकणाऱ्याने पहिल्याच खेळात एवढं ओझं घेऊ नये. आणि त्या अर्ध्या तासात तुमच्या कथेतलं जे खरंच खेळण्याजोगं आहे, ते वेगळं दिसू लागतं.

खेळ दुसऱ्याला कधी दाखवावा?

पहिली लढाई चालली की लगेच. समोर बसवा, कीबोर्ड हातात द्या आणि काही सांगू नका. तो 'बचाव' एकदाही दाबत नसेल तर तो पर्याय कमकुवत आहे. औषध शेवटपर्यंत साठवून ठेवून हरला तर औषधं मोजकी वाटत आहेत. कुठे थबकला, कोणतं वाक्य न वाचताच पुढे गेला, ते लिहून घ्या. सूत्र समजावून सांगण्याची इच्छा फार होईल, पण ती आवरा. तुमचा खेळ उतरवून घेऊन घरी खेळणाऱ्याच्या शेजारी तुम्ही नसणार. तो उठून गेल्यावर टिपणातली एकच गोष्ट निवडा, तेवढीच दुरुस्त करा, आणि दुसऱ्या कोणाला तरी बसवा, कारण पहिल्या माणसाला आता खेळ माहीत झालेला असतो.